मंगळवारची गाडी

आमच्या गावात बंगले मोठे आणि माणसं थोडी. विट्याच्या आसपासच्या खेड्यांतून कुणी फिरलं तर हे लगेच दिसतं. दुमजली घर, पुढं पोर्च, पोर्चमध्ये कव्हर घातलेली मोठी गाडी, आणि दाराला कुलूप. कुलूप नसलं तर आत एखादी बाई. पुरुष गलाईच्या धंद्यात असतात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हे काम, आणि त्याची दुकानं आमच्याकडच्या लोकांनी देशभर टाकली आहेत. माझा नवरा केरळात आहे. मुलगा कॉलेज संपल्यावर तिकडंच गेला, लग्न झाल्यावर सून गेली, नातू तिथंच जन्मला. मी इथं डाळिंबाची बाग बघते.

माझं माहेर साताऱ्याचं. या दुष्काळी भागात मी लग्न होऊन आले तेव्हा बाग नव्हती, बंगला नव्हता आणि गाडीही नव्हती. सासू होती, सासरे होते, दीर-नणंदा होत्या. आता उलट आहे.

पहिली गाडी नवऱ्यानं घेतली ती सात माणसांची. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. गावात सगळ्यांच्याच तशा. चैत्रात गावची यात्रा असते. तेव्हा पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत पांगलेली माणसं गावाकडं येतात, आणि कुणाचं दुकान कसं चाललंय हे यात्रेच्या मैदानाशेजारी लागलेल्या गाड्यांवरून कळतं. यात्रा झाली की सगळ्यांना घेऊन पालीच्या खंडोबाला जायचं. त्यामुळं गाडी घेताना आमच्याकडं एकच विचार होतो, यात्रेत सगळे मावले पाहिजेत. मग यात्रा संपते, माणसं जातात आणि गाडीवर कव्हर चढतं.

उभी गाडी खराब होते. बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात आणि उंदीर वायरी खातात. दरवर्षी यात्रेच्या आधी विट्याचा मेकॅनिक गावात मुक्कामाला आल्यासारखा असतो. एका पोर्चमधून दुसऱ्या पोर्चमध्ये जातो, बॉनेट उघडतो आणि उंदरांची घरटी बाहेर काढतो. एका वर्षी आमच्या चुलत जावेच्या गाडीत पिल्लं निघाली. तो तिला म्हणाला, "वैनी, तुमच्या गाडीत तुमच्यापेक्षा मोठं कुटुंब ऱ्हातंय." जाऊ हसली. मग चहा करायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आमच्या गाडीचं तसं होऊ नये म्हणून नवऱ्यानं केरळातून सांगून ठेवलं होतं की आठवड्यातून एकदा गाडी चालू कर, थोडा वेळ इंजिन चालू दे आणि बंद कर. मी रविवारी सकाळी पोर्चमध्ये गाडीत जाऊन बसायची, किल्ली फिरवायची, समोरच्या भिंतीकडं बघत बसायची आणि मग बंद करून स्वयंपाकाला लागायची. असे पुष्कळ रविवार गेले. शेवटी मला वाटलं, डिझेल जळतंयच तर भिंतीकडं बघत का जाळायचं? विट्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "पोर्चच्या बाहेर."

गाडी चालवता यायला लागल्यावर तिला काम लागलं. तोवर माल आटपाडीच्या सौद्याला, डाळिंबाच्या लिलावाला, न्यायचा म्हणजे भाड्याचा टेम्पो सांगावा लागे. टेम्पोवाला सकाळी येतो म्हणायचा आणि ऊन चढल्यावर यायचा. वाटेत दुसऱ्याचा माल भरायचा असला तर आमची क्रेटं उन्हात थांबायची. डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडला की भाव पडतो, हे त्यालाही माहीत होतं, पण बाग त्याची नव्हती. मग थोडा माल असला की मी सात माणसांच्या गाडीच्या मागच्या सीटा दुमडून तिथंच क्रेटं रचायला लागले. सगळ्यात मागच्या सीटवर शोरूमचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. सीट खराब होऊ नये म्हणून तो कुणी काढलाच नव्हता.

मधल्या सीटवर मात्र कागद नव्हता, फुटलेल्या फळांचा रस तिथं सांडायचा, आणि डाळिंबाचा डाग निघत नाही. त्या वर्षीच्या यात्रेत सून नवी साडी नेसून बसली आणि उतरली तेव्हा मागं तपकिरी पट्टा. ती काहीच बोलली नाही. नवरा बोलला.

"गाडीचा पार टेम्पो केलास तू."

"टेम्पो येत नव्हता म्हणून केला," मी म्हटलं.

"आगं, मग दुसरा सांगायचा. घरच्या गाडीत क्रेटं घालत्यात व्हय?"

घरची म्हणजे कुणाची, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण दारात बोकड शिजत होता, पाहुणे होते, मी वाढायला गेले.

त्यानंतर पावसाळ्याच्या सुमाराला फोनवर ठरलं की जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि नवी घ्यायची. ठरलं म्हणजे नवऱ्यानं आणि मुलानं ठरवलं. नवी याहून मोठी, आणि छताला काच उघडणारी, कारण नातवाला छतातून डोकं बाहेर काढायचं होतं. मुलगा म्हणाला, "आई, तू सांगलीला जाऊन फक्त रंग बघून ये." मालासाठी मी महिन्याच्या बोलीवर टेम्पो बांधून घ्यावा, असंही त्यांनी सुचवलं.

मी लगेच नाही म्हटलं नाही. नातू छतातून डोकं काढणार, हे मलाही दिसत होतं. शिवाय माझ्या मनात मालाची, दोनच सीटांची गाडी घ्यायचं येत होतं, आणि ती घेणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मोठी गाडी पोर्चमध्ये उभी आहे तोवर तुम्ही येणार आहात, असं आम्ही सगळे न बोलता धरून चालतो. लहान घेतली की त्याचा अर्थ मी तुमची जागा काढली असा होतो, आणि तो तसाच घेतला जाणार होता.

सांगलीला जायच्या आधी मी एक साधी गोष्ट केली. मंगळवार आठवून बघितला. मंगळवारच का, तर मी त्या दिवशी उपास करत नाही, आमच्या बाजाराचा वार तो नाही आणि त्या दिवशी सहसा कुणी येत नाही. नेहमीसारखा दिवस. गेल्या मंगळवारी सकाळी जळालेली पाण्याची मोटर वाइंडिंगला विट्याला नेली. येताना खताची पोती आणि ठिबकची नळी आणली. दुपारी क्रेटं भरली, आटपाडीला नेली, सौदा झाल्यावर रिकामी क्रेटं परत आणली. त्याच्या आदल्या मंगळवारी पेंडीची पोती आणि गॅसची टाकी होती. या सगळ्यात गाडीत बसलेलं माणूस एकच. मी जितके मंगळवार आठवत गेले तितकं तेच येत गेलं, म्हणून आठवणं थांबवलं.

त्याच चुलत जावेला मी हे सांगितलं. ती माझ्याहून लहान, मला अक्का म्हणते.

"अक्का, लोक काय म्हणतील वो? केरळात दुकान आन दारात टेम्पो."

"म्हणू देत. तुझी गाडी मंगळवारी काय करते?"

"मंगळवारी?" तिनं खरंच विचार केला. "कव्हर झाडती मी. लय धूळ बसती."

सांगलीला मी जुन्याच गाडीनं गेले आणि मागं डाळिंबानं भरलेलं एक क्रेट ठेवलं. शोरूममधला सेल्समन चुणचुणीत होता. त्यानं पाणी आणलं आणि माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"सर गाडी लावून येताहेत का, मॅडम?"

"सर केरळात आहेत. गाडी मीच लावली."

"काही हरकत नाही, त्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊ."

कॉल लावला. मागं भट्टीचा आवाज येत होता. सेल्समननं फोन हातात धरून सगळी गाडी फिरून दाखवली, छताची काच उघडून मिटून दाखवली. नवरा म्हणाला, "आगं, सगळ्यात मागं बसून बघ की. पाय लांब हुत्यात का?" मी आत शिरले, मधली सीट पुढं करून मागच्या रांगेत जाऊन बसले. पाय लांब होत होते. समोर चार सीटांच्या पाठी होत्या आणि त्यापलीकडं काचेबाहेर सेल्समन माझ्या नवऱ्याला हातात धरून उभा होता.

"कसं वाटतंय?" नवऱ्यानं विचारलं.

"बस यायची वाट बघत बसल्यासारखं," मी म्हटलं. पण काच बंद होती, त्याला ऐकू गेलं नसावं.

फोन ठेवल्यावर मी सेल्समनला विचारलं, मालाच्या गाड्या कुठं आहेत? त्या मागच्या आवारात होत्या. त्याचा उत्साह जरा उतरला, पण आला बिचारा. मी माझं क्रेट काढून आणलं आणि एकेका गाडीच्या हौद्यात चढवून बघितलं. जाहिरातीत ओझं किती पेलतं ते लिहिलेलं असतं, हौद्याची उंची कुणी सांगत नाही. आमच्याकडं माल चढवणाऱ्या सगळ्या बायका. हौदा कमरेपाशी असला तर क्रेट सरकवता येतं, छातीच्या वर गेला तर उचलून फेकावं लागतं, आणि फेकलेलं डाळिंब आतून फुटतं. दणकट दिसणारी, उंच टायरांची पहिली गाडी तिथंच बाद झाली. दुसरीचा हौदा लांब आणि खाली होता, त्याच्या कडेच्या फळ्या, फाळके, तिन्ही बाजूंनी खाली पडत होते. मी क्रेट चढवलं, उतरवलं, परत चढवलं. सेल्समन मदतीला आला तर त्याला म्हटलं, "तुम्ही रोज येणार आहात का? मग राहू द्या."

त्यानं मधला मार्ग काढला. "मॅडम, डबल केबिन घ्या ना. पुढं-मागं पाच जण बसतात, आणि मागं मालही जातो. दोन्ही कामं होतात."

हे ऐकायला चांगलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी बराच वेळ त्या गाडीपाशी उभी राहिले. पाच जण म्हणजे आम्ही नेमके तेवढेच. पण मागच्या सीटसाठी हौदा कापलेला होता, अर्धाच उरला होता. वर्षभर रिकामी न्यायची सीट आणि तिच्यापायी आटपाडीला दोन खेपा. मी फाळका बंद केला आणि लांब हौद्याच्या गाडीची किल्ली मागितली.

चालवून बघताना मी तिला हमरस्त्यावर नेलं नाही. हमरस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. गल्लीत घातली, एका दमात वळते का बघितलं, कारण आमच्या बागेकडची वाट दोन बांधांच्या मधून जाते आणि तिथं मागंपुढं करायला जागा नाही. क्रेट मी शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. निघाल्याबरोबर गाडी टुंग टुंग वाजायला लागली आणि थांबेना.

"सीटवर वजन आलं की तिला वाटतं माणूस बसलंय," सेल्समन हौद्यातून ओरडला. तो मागं उभा होता, पुढं जागाच नव्हती. "पट्टा लावेपर्यंत वाजते."

गाडी घेतली. जुनी तिथंच एक्स्चेंजमध्ये दिली. फोन मी घरी आल्यावर केला.

"दोनच सीटा?" नवरा म्हणाला. मग थोडा वेळ भट्टीचाच आवाज. "मग आम्ही आलो की कशात बसायचं?"

"वडापनं या."

आमच्याकडं वडाप म्हणजे कोंबून माणसं भरणारी जीप. मी चेष्टेनं म्हटलं होतं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. आमच्यात भांडण असं होत नाही, फोन कमी होतात. आधी रोज रात्री जेवण झाल्यावर फोन यायचा, मग एक दिवसाआड यायला लागला, मग कामापुरता. मी पण केला नाही. बागेत काम होतं. गाडी मात्र चांगली निघाली. माल वेळेत पोचायला लागला, चट्ट्याचा माल कमी झाला. हे सांगायला कुणी नव्हतं म्हणून एकदा जावेला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, अक्का," आणि स्वतःच्या पोर्चकडं बघत राहिली.

चैत्र आला. यात्रेच्या आधी मुलाचा फोन आला की नातवाचं शाळेचं काहीतरी आहे आणि दुकान दोघांनी एकदम सोडून चालत नाही. "पप्पा येताहेत," तो म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. सात माणसांची गाडी घेतली असती तरी माणूस एकच आला असता, हे मला लगेच सुचलं, पण ते त्याला बोलून दाखवायचं नव्हतं.

मिरज स्टेशनला मीच आणायला गेले. नवरा बाहेर आला, बॅग खाली ठेवली आणि पार्किंगभर नजर फिरवली.

"कुठाय गाडी?"

"समोर उभी आहे ती."

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. टायरला पाय लावला. मग बॅग हौद्यात टाकली आणि पुढं येऊन बसला. मी गाडी चालू केली. टुंग टुंग सुरू झालं.

"आता हे काय वरडतंय?"

"पट्टा लावा. तिला कळलंय तुम्ही आलात ते."

या वेळी हसला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. बोटांवर ॲसिडचे डाग पूर्वीपासूनचेच.

यात्रा झाली. मैदानाशेजारी गाड्या लागल्या, आमची लागली नाही. मी ती बागेतच ठेवली होती, त्या दिवशीही फळांचा तोडा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालीला निघालो. उंब्रजपर्यंत नवरा दुकानाचं सांगत होता, कामगार टिकत नाहीत, भाडं वाढलंय. उंब्रजला चहा प्यायला थांबलो. परत बसल्यावर तो म्हणाला, "ह्यात माणूस उंच बसतं. लांबचं दिसतं." त्यानं गाडी मान्य केली असं मी धरलं. पालीला त्यानं दर्शनानंतर बॉनेटवर भंडारा टाकला आणि उरलेला स्टिअरिंगला लावला. मला विचारलं, "रोज एकटीच हिंडतीस?"

"मग कोण येणार?"

येताना त्यानं बोटांवरचा भंडारा रुमालाला पुसला. मग समोर बघत म्हणाला, "पोरगं तिकडं घर बघतंय. विकत."

मी गिअर बदलला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, ओलांडायला जागा मिळेना.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "नातवाची शाळा तिकडंच आहे."

"तीन खोल्या हायत. एक तुझ्यासाठी म्हणतोय. आई आली की तिला हक्काची खोली पायजे म्हणतोय. लय मनापासून म्हणतोय."

ट्रॅक्टरच्या मागं आम्ही हळूहळू चाललो होतो. हक्काची खोली. मला दिसत होती ती, पलंगावर धुतलेली चादर, खिडकी बंद, आणि आई येणार म्हणून कुणी तिथं काही ठेवत नाही. वर्षातून आठ दिवस मी जाऊन तिथं पाय लांब करून बघणार. मुलाचं काहीच चुकत नव्हतं. सात माणसांची गाडी घेतली तेव्हा आमचंही चुकलं नव्हतं, आम्हीही मनापासूनच घेतली होती.

"त्याला म्हणावं दोनच खोल्यांचं घे," मी म्हटलं. "बाग सोडून मला किती दिवस येता येणार आहे? मी आले की बाहेरच्या खोलीत झोपेन."

"आसं कसं बोलतीस? त्याला वाईट वाटंल."

"वाटेल. तुम्हालापण वाटलं होतं."

मसूरच्या पुढं ट्रॅक्टर वळला आणि रस्ता मोकळा झाला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या दिवशी वडापनं या म्हणालीस तवा दुकानात धा-बारा जणं हुती. फोन स्पीकरवर हुता. सगळी हसली."

"तुम्ही?"

"मी न्हाई हसलो."

जितके दिवस होता तितके दिवस तो बागेत येत होता. क्रेट चढवायला लागला तर कमरेत धरलं, मग फाळका उघडायचं आणि लावायचं काम त्यानं घेतलं. बायका त्याला मालक म्हणायच्या आणि काम मला विचारायच्या. एकदा आटपाडीलाही आला. सौद्यात आमचा माल चांगला गेला, तर आनंदानं मुलाला फोन करून सांगत सुटला, जणू तोच गाडी घेऊन आला होता. मी अडवलं नाही.

मिरजेला सोडायला गेले तेव्हा रेल्वे यायला वेळ होता. तो म्हणाला, "पुढच्या यात्रेला समदी येतील. तवा एक मोठी गाडी भाड्यानं सांगून ठिवू."

"ठेवू," मी म्हटलं.

"आन खोलीचं मी बोलतो त्याच्याशी."

"नका बोलू. घेऊ दे तीन खोल्यांचं. नातू मोठा झाला की त्यालाच लागेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी स्टेशनवर थांबले नाही. एवढ्या लांबून रिकामं परत जाणं परवडत नाही. सांगलीला मार्केट यार्डाजवळ जाऊन क्रेटच्या तळाला घालायची रद्दी घेतली. गठ्ठे हौद्यात टाकले, ताडपत्रीखाली दाबले. एक गठ्ठा सुटा झाला होता, वाऱ्यानं उडाला असता, म्हणून तो पुढं शेजारच्या सीटवर ठेवला.

निघाले तशी गाडी टुंग टुंग वाजायला लागली. विट्यापर्यंत ते ऐकत जाणं शक्य नव्हतं. गाडी कडेला घेतली, गठ्ठ्याला पट्टा लावला आणि निघाले.